रग्नाबाईंचं कोपर

"त्यात काय एवढं!" आर्नफिननं दुकानात सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं. "यंदा नाताळची बिअर मी एकटा करणार. शनिवारी चाखायला या!"

नॉर्वेतल्या व्हॉसमध्ये हे बोलणं परत घेता येत नाही. बिअर पिंपातून काढायच्या दिवशी शेजारीपाजारी चाखायला येतात, आणि ती बिघडली असेल तर तिची चव पुढची वीस वर्षं विसरत नाहीत.

आर्नफिनला भीती नव्हती. चाळीस वर्षं त्यानं बायकोच्या शेजारी उभं राहून चुलीत लाकडं सारली होती आणि फुकटचे सल्ले दिले होते. आता गुनवोरला जाऊन दोन हिवाळे झाले होते. तेव्हापासून घरात आवाज करणारा फ्रीज तेवढा उरला होता, आणि त्यालाही 'घुर्र'पलीकडे काही सांगायचं नसे. त्याच्याच बर्फाच्या कप्प्यात एक बरणी होती. गुनवोरनं वाळवून ठेवलेलं, तिच्या आईकडून चालत आलेलं, बिअर आंबवायचं यीस्ट. तिच्या हातचं एवढंच शिल्लक होतं.

मंगळवारी जुनिपरच्या झुडपाच्या सुवासिक फांद्या उकळल्या, मोड आणून वाळवलेल्या सातूचं माल्ट त्या पाण्यात भिजवलं, गोड रस पिंपात उतरला. यीस्ट टाकण्याआधी गुनवोर कोपर बुडवून बघायची. आर्नफिननंही बुडवलं. कोमट होतं. झकास!

अडलं ते ओरडण्यापाशी. यीस्ट टाकताना जीव खाऊन ओरडावं लागतं, नाहीतर बिअर मिळमिळीत होते, हे तिथं शेंबडं पोरही सांगेल. गुनवोर ओरडली की समोरच्या डोंगरावरच्या मेंढ्या माना वर करायच्या. आर्नफिननं तोंड उघडलं. पण रिकाम्या घरात माणसानं कुणाला ऐकवायला ओरडायचं? त्यानं अर्धी बरणी रिकामी केली आणि घसा खाकरल्यासारखं "हं" म्हणाला.

बुधवारी पिंपाला कान लावला. फेस नाही, बुडबुडा नाही. पिंपसुद्धा त्याच्याशी बोलेना!

"ओरडलो नाही म्हणून रुसलंय," त्यानं निदान केलं. रस पुन्हा तापवला, कोपर बुडवलं, बरणी उघडली. चिमूटभर पुढच्या वर्षाला ठेवायचं, असं ठरवून तो पिंपावर ओणवा झाला आणि ओरडला. ओरडला तो ओरडतच सुटला. शेवटी शेवटी तर "गुनवोर! गुनवोर!" एवढंच ऐकू येत होतं.

शेजारचा हाल्वर धावत आला. त्यानं मागून आर्नफिनचे दोन्ही पाय धरले आणि हिसडा दिला. बरणी अख्खी पिंपात गेली.

"वाचवलं तुला!" हाल्वर धापा टाकत म्हणाला.

"कशापासून, रेड्या?"

"बुडत होतास की!"

"कमरेएवढ्या पिंपात?"

तेवढ्यात काठी टेकत रग्नाबाई आल्या. या दोघांनाही त्यांनी पहिलीत मुळाक्षरं शिकवलेली. त्यांनी काही न विचारता बाही सरसावून कोपर बुडवलं.

"आई गं! गाढवा, यीस्ट टाकलंस की शिजवलंस?"

"मला कोमट लागलं, बाई."

बाईंनी त्याच्या कोपराला करकचून चिमटा काढला. आर्नफिनला पत्ताच नाही.

"जन्मभर लाकडं फोडलेलं कोपर हे. याला निखारासुद्धा कोमट लागेल!"

आर्नफिन पालथ्या बादलीवर बसला. "संपलं, बाई. तिचं एवढंच उरलं होतं."

फ्रीज घुर्र करून थांबला. हाल्वरनं डोकं खाजवलं. "गुनवोरचं यीस्ट? माझ्याकडे दोन डबे आहेत त्याचे."

"माझ्याकडे तीन," बाई म्हणाल्या. "दर नाताळला वाटायची ती. या उतारावर दुसरं यीस्ट आहे कुणाकडे?"

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"दोन वर्षांत दार उघडलंस कधी?"

हाल्वर डबा घेऊन आला. रस निवून बाईंच्या कोपरानं होकार दिल्यावर तिघंही मिळून ओरडले. मेंढ्यांनी माना वर केल्या.

शनिवारी बिअरला ओल्या लोकरी मोज्यांची चव होती. सगळ्यांनी तसं तोंडावर सांगितलं आणि दुसरा पेला पुढे केला.

नाताळला हाल्वरनं त्याला थर्मामीटर भेट दिला. फार चांगला आहे म्हणतात. आर्नफिननं त्याचं खोकंसुद्धा फोडलेलं नाही. तो आता वर्षातून चारदा बिअर करतो, आणि दर वेळी आधी फोन लावतो, "बाई, कोपर मोकळं आहे का?"