भास्करपंत आणि टोल्याचे सतरा शब्द

ज्या वस्तूला मराठीत नाव नाही, ती वस्तू भास्करपंत वापरत नसत. एका लग्नात त्यांना जोराची उचकी लागली. यजमानांनी सोडावॉटरची बाटली पुढे केली. पंतांनी ती हाताने थोपवली, उचक्या देत देत विचार केला, 'फुत्कारजल' असा शब्द नक्की केला आणि मगच बाटली तोंडाला लावली. तोवर उचकी आपोआप थांबली होती.

आम्ही दोघे मुंबईत, कोटातल्या एका भाषांतर कचेरीत होतो. ते मुख्य भाषांतरकार, मी हाताखालचा कारकून. घरंही गिरगावात जवळजवळ, त्यामुळे संध्याकाळी बरोबरच पायी परतायचो. "मराठीत नाही असं म्हणू नकोस, तुला ठाऊक नाही असं म्हण," हे वाक्य मी रोज चारदा तरी ऐके.

एकदा कुठल्याशा संस्थानिकांसाठी बिलियर्डच्या खेळाचं पुस्तक मराठी करायला आलं. त्यात एका फटक्याचे पाच टप्पे सांगितले होते. पंतांनी बिलियर्डचं टेबल जन्मात पाहिलं नव्हतं, पण दुपारपर्यंत शब्द तयार झाले: उपवेशन, संलक्षण, दोलन, आघात, अनुधावन. मी भीत भीत सुचवलं की खेळ एकदा डोळ्यांनी पाहावा. धोबीतलावाला एका पारशाच्या हॉटेलात टेबल होतं. ते मला कसं ठाऊक, हे पंतांनी मोठ्या मनाने विचारलं नाही.

तिथे गुण मांडायला आणि काठ्या सांभाळायला सदू नावाचा मालवणी मार्कर होता. पंतांनी त्याला आपले पाच शब्द खणखणीत वाचून दाखवले. त्याने अदबीने ऐकून घेतले, काठी उचलली आणि एकेक हालचाल करत सांगितलं, "आमी ह्येका ठाण म्हणतांव. मगे नेम. हो झोको. हो टोलो." टोल्यानंतर काठी वीतभर पुढे जाऊन थांबली. "आणि ही पाठवणी. ती नाय केली तर गोळो वाट चुकता."

पंतांनी पेन्सिल काढून आपले पाचही शब्द खोडले. त्यांनी स्वतःचा शब्द खोडलेला आमच्या कचेरीत कुणी पाहिला नव्हता.

पुस्तक छापून संस्थानात गेलं. पंतांचं धोबीतलावाला जाणं मात्र थांबलं नाही. दर शनिवारी कचेरी सुटली की वही घेऊन ते सदूपुढे बसत, आणि सदू एक नवा शब्द देई. काठी उचलण्याआधीचा तो 'उसासो', समोरच्या गड्याकडे टाकलेली नजर ती 'चोरनजर', गोळ्याबरोबर खेळणाऱ्याची मान वळते ते 'मानवळण'. पाचाचे सतरा झाले. खेळणाऱ्यांपैकी कुणाच्याही तोंडी मी यातला एकही नवा शब्द ऐकला नव्हता. सदू स्वतःही ते पुढच्या आठवड्यात विसरून जाई.

शेवटी एकदा मी त्याला बाजूला घेऊन हटकलंच. तो काठीला खडू घासत राहिला.

"साहेब, तेंच्या घरात बोलूक कोण नाय," तो म्हणाला. "शब्द सपले तर ते हय येतले कशाक?"

आदल्या वर्षीच्या प्लेगात पंतांच्या पत्नी गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. हे मला ठाऊक होतं. पण मी त्यांना कधी शनिवारी घरी बोलावलं नव्हतं.

तरीही खोटे शब्द त्यांच्या वहीत राहणं मला पटेना. घरी जाताना मी चाचरत सगळं सांगितलं. पंतांची चाल मंदावली नाही.

"सहाव्यापासून पुढचे सगळे त्याने रचलेले आहेत," ते म्हणाले. "मला सहाव्यालाच कळलं."

"मग लिहून का घेता?"

"अरे, तो आठवडाभर बसून एकेक जुळवतो. कुणीतरी लिहून घ्यायला नको?"

पुढच्या शनिवारी मीही गेलो. सदूने अठरावा शब्द दिला: टोला चुकल्यावर माणूस काठीच्या टोकाकडे बघतो, ती 'टोकपाहणी'. पंतांनी तो नीट अक्षरात उतरवला, वर पाहिलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "याचं अनेकवचन कसं करता तुम्ही लोक?"

सदू क्षणभर गडबडला. मग त्याचा चेहरा उजळला.

"इचार करून सांगतंय," तो म्हणाला. "पुढल्या शनवाराक."