दाजीकाका आणि पंधरा वर्षांची ‘मी’

आमच्या शेजारचे दाजीकाका पुस्तकाला दरडावतात. ‘मी’ने सुरू होणारी कुमार कादंबरी उघडली की पहिल्याच ओळीला विचारतात, “कोण बोलतंय?” आवाज खाडीवरच्या भाट्याच्या पुलापलीकडे जावा असा. उभा जन्म बोटीवर गेला, इंजिनाच्या धडधडाटात बोलायची सवय.

निवृत्त झाल्यावर माणसं आंब्याच्या बागेत रमतात. काका वाचनालयातून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची पुस्तकं आणतात आणि त्यांच्यावर संतापतात.

“हे ऐक,” एकदा ते थेट आमच्या पडवीत घुसले. “‘विषण्ण सांज माझ्या अंतर्मनात झिरपत होती.’ वय वर्षं पंधरा! खाली बंदरावर, मिरकरवाड्यात विचारून ये, कुठल्या पोरीच्या मनात असलं काय झिरपतं? लेखक पन्नाशीचा, आणि फ्रॉक घालून बसलाय मेला!”

अशी पुस्तकं वेगळ्या कपाटात ठेवा, वर ‘सोंगं’ अशी पाटी लावा, असं त्यांनी ग्रंथपालबाईंना सुचवलं. बाई हसल्या. काकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

माझी पंचाईत अशी, की मीही तसलीच कादंबरी लिहीत होते. नायिका पंधराची, सांगणारी तीच. धीर करून पहिली प्रकरणं काकांना वाचायला दिली. दुसऱ्या सकाळी त्यांनी ती माझ्यापुढे आपटली.

“हिला आईचं दुःख कळतं, बापाची अडचण कळते! भांडून झालं की लगेच शहाण्यासारखं बोलते! खोटं आहे गो हे. फसवतेस तू!”

मीही चिडले. “काका, गोष्ट आहे ती. तुम्हाला एवढा ताप कशाला?”

“मग मला कळणार कसं?” ते ओरडले, आणि एकदम खाली बसले.

त्यांची नात रेवा मुंबईला असते. पंधरा वर्षांची. दर रविवारी काका फोन करतात. ती “हं” म्हणते, “नाही” म्हणते आणि फोन आईकडे देते.

“तिची आई, माझी लेक, ह्या वयात कशी होती, तेही ठाऊक नाही मला. मी तेव्हा पाण्यावर. म्हटलं, पोरी मनात काय बोलतात ते पुस्तकात तरी सापडेल. तर तिथं तुम्ही सगळे आपलंच बोलता.”

काकांनी विस्कटलेली पानं गोळा केली, गुडघ्यावर सरळ केली.

“एक प्रकरण लिही. आजोबांचा फोन येतो, ती नुसतं ‘हं’ म्हणते. तेवढं मी ऐकतोच. फोन ठेवल्यावर ती मनात काय म्हणते, ते लिही.” पानं माझ्या हातात देत म्हणाले, “वाईट असलं तरी चालेल. पण खरं लिही.”