एका पेशंटचा वॉर्ड

धाकू नाखवाच्या समाचाराला कुणी चारच्या आधी पोचलं, तर त्याला अंगणात वाळत्या बोंबलांखाली उभं राहावं लागे. दारात नामदेव असे. अंगात खाकी शर्ट, हातात सायकलची घंटी. सायकल नव्हती, नुसती घंटी. चारला ती वाजली की आत जायचं, सहाला वाजली की बाहेर. "विझिटर आउट!" या आरोळीतून कुणाचीच सुटका नसे. नाखवाची बायको हौसाबाय ही नामदेवची सख्खी बहीण. पहिल्या आठवड्यात तीसुद्धा सहाच्या ठोक्याला स्वतःच्या घरातून बाहेर काढली गेली. भात करपल्याचा वास सुटला तेव्हा तिला परत आत घेण्यात आलं.

मी त्यांच्या शेजारी राहायचो. मांडव्याजवळच्या त्या कोळीवाड्यात शाळामास्तर होतो.

नामदेवने उभी हयात मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात वॉर्डबॉय म्हणून काढली होती. स्वातंत्र्य आलं, त्याची गोरी मेट्रन बोटीत बसून विलायतेला गेली. पण नामदेवच्या डोक्यातून तिचं राज्य काही गेलं नाही. "मेट्रनची ऑर्डर हाय," एवढं म्हटलं की त्याच्यापुरता वाद संपला. लग्न केलेलं नव्हतं. नोकरी संपवून तो लाँचमधून उतरला, तेव्हा पेटीत दोन इनॅमलची भांडी, ती घंटी आणि एक फुटका थर्मामीटर होता. पारा कधीच सांडून गेलेला. तरी तो रोज सकाळी नाखवाच्या काखेत लागे. नामदेव उजेडाकडे धरून तो निरखी आणि गंभीरपणे जाहीर करी, "नॉर्मल."

नाखवा म्हणजे एकेकाळी किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा आवाज. एका होडीवरून त्याने शिवी हासडली की तिसऱ्या होडीवरचा खलाशी जाळं ओढायला लागे. पण जन्मभर विडी ओढून छातीचा भाता फाटला. आता ओटीवरून विहिरीपर्यंत जाताना मध्येच बसावं लागे, आणि शिवीसुद्धा हप्त्याहप्त्याने द्यावी लागे. अलिबागचे डॉक्टर स्पष्ट सांगून गेले होते, हा दम जाणारा नाही, आता फक्त सांभाळायचा.

सांभाळायचा म्हणजे उपाय सांगायचे, असं गावाला वाटलं. कुणी घोरपडीचं तेल सांगे, कुणी रुईच्या पानांचा शेक. सांगणारा आधी ओटीवर ऐसपैस बसे, विडी पेटवी, दोन झुरके घेई आणि नाखवाच्या तोंडावर धूर सोडत म्हणे, "छातीला जपा हां, नाखवा!" घंटी खरं तर या मंडळींसाठी होती.

नामदेवला कुणी बोलावलं नव्हतं. बहिणीच्या घरी पेशंट आहे म्हणताच तो आपण होऊन रुजू झाला. आल्याआल्या चूल परसात हलवली. नाखवा विड्या तांदळात लपवी, देवाच्या तसबिरीमागे लपवी. नामदेव त्या हुडकून विहिरीत टाकी. मग आठवडाभर गावाच्या पाण्याला तंबाखूचा वास येतो अशी तक्रार होई. नाखवाला दम लागला की मासळीची पाटी उपडी घालून तिच्यावर उशी ठेवायची, आणि नाखवाने पुढे वाकून उशीवर हात टेकायचे. जेवण एकदम नाही, थोडी थोडी पेज. श्वास नाकाने घ्यायचा आणि तोंडाचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतात तसा, सावकाश सोडायचा.

हे सगळं करताना दोघं एकमेकांशी बोलत मात्र नसत.

त्याला कारण होतं. फार मागे एका हळदीच्या जेवणात नामदेव पाणी वाढायला उठला, तेव्हा नाखवा भर पंगतीत ओरडला होता, "याच्या हातचं नको रे! यो मुंबईत लोकांचं गू-मूत काढतो!" पंगत हसली. नामदेवने तांब्या खाली ठेवला आणि तेव्हापासून मेहुण्याशी अबोला धरला. आता तोच त्याची थुंकी उचलत होता, पण बोलणं हौसाबायच्या नाही तर माझ्या मार्फत.

"मास्तर, पेशंटला सांगा, चंबू करून सोड."

हातभर अंतरावरून नाखवा म्हणे, "मास्तर, त्याला सांगा... मी बैरा... न्हाय."

मी दोन्ही निरोप पोचवीत असे.

एकदा हौसाबाय नवस फेडायला पालीच्या गणपतीला गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लवकर पोचलो आणि नियमाप्रमाणे अंगणात थांबलो. शेजारणीने मसाल्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या होत्या. वारा फिरला, तो झणझणीत धूर सगळा नाखवाच्या घरात शिरला. आतून आधी खोकला आला, मग नुसतीच शिट्टीसारखी घरघर.

"पेशंटला सांगा..." नामदेवचा आवाज आला आणि थांबला. सांगायला आत कुणी नव्हतं. मी दाराकडे धावलो.

"दाजी!" नामदेव ओरडला. "हिकडं बघ. माज्याकडं बघ. घाबरू नको. सोड, सावकाश सोड. मी सोडतो तसा सोड."

नाखवाचे ओठ निळे पडले होते. नामदेव पाठीमागून त्याला धरून बसला होता आणि दोघं मिळून एकच चहा निववावा तसे फुंकत होते. मी पुढचं दार लावून धूर अडवला आणि परसाकडचं दार सताड उघडलं. बऱ्याच वेळाने नाखवाच्या ओठांवर रंग आला.

"नामा... त्या हळदीत... मी..."

"बोलू नको. दम खर्च व्हतो."

"मना... बोलायचंय."

"उद्या बोल. परवा बोल. हितंच हाय मी."

नाखवा उशीवर टेकला, तसा नामदेव थुंकीचं भांडं घेऊन विहिरीवर गेला. मी पाणी ओतू लागलो.

"नामदेव, तुम्ही त्यांना वाचवलंत."

तो राखेने भांडं घासत राहिला. "मास्तर, वॉर्डात किती लोकांना उठवलं, बसवलं. बरा झाला की पेशंट घरी जातो. जावाच त्यानं. पन मागनं रस्त्यात भेटला तर वळखत न्हाय." भांडं स्वच्छ झालं होतं, तरी हात थांबले नाहीत. "यो दम जानार न्हाय, असं डॉक्टर बोलला, तवा बाय रडली. मी बी रडलो. पन मनात आलं, आता मना कुठं जायला नको."

आतून क्षीण हाक आली, "नामा!" तो भांडं तसंच टाकून आत गेला.

तिन्हीसांजेला हौसाबाय आली, हातात प्रसादाची पुडी. पायरीशी येऊन एकदम थबकली. आत दोन पुरुष भांडत होते.

"पेजेत मीठ... न्हाय."

"हाय. तुज्या जिभेला चव न्हाय, दाजी."

"तूच... खाऊन बघ."

"दे हिकडं."

सहाच्या घंटीला बाहेर निघालेला मी पायरीपाशीच होतो. काही सांगायला तोंड उघडलं, तशी तिने बोटाने गप्प केलं. पदर सावरून ती पायरीवरच बसली आणि अंधार पडेपर्यंत घरात गेली नाही.