दिसेल ते विक्रीला

मानवजातीच्या इतिहासात खरेदीची दोन युगं पडणार होती: त्या शनिवारच्या आधीचं आणि नंतरचं. निदान संस्थापकाचं तसं म्हणणं होतं. युगबदलाची जागा त्याच्या घरातली बाहेरची खोली होती, कारण कंपनीचं मुख्यालय म्हणजे तीच.

कल्पना साधी होती. गायकांकडे चाहते असतात, पण विकायला काही नसतं. दुकानदारांकडे माल असतो, पण चाहते नसतात. संस्थापकाकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून तो दोघांच्या मधोमध उभा राहिला होता. गायकाने ॲपवर थेट गावं, चाहत्यांनी बघावं, आणि स्क्रीनवरच्या वस्तूला बोट लावलं की ती विकत मिळावी. वस्तू ॲप आपणहून ओळखणार, किंमतही आपणहून लावणार. हे सगळं बायकोच्या धाकट्या भावाने, म्हणजे मेव्हण्याने बनवलं होतं.

आज कापडाचे एक बडे दुकानदार स्वतः सोफ्यावर येऊन बसले होते. विक्री पटली तर करार. नाही पटली तर सोमवारपासून पुन्हा जुन्या विमा कंपनीत मुकाट्याने खर्डेघाशी, असा शब्द संस्थापकाने बायकोला दिला होता.

खिडकीपुढे उभ्या केलेल्या दाढीवाल्या गायकाचं एक गाणं सगळ्यांना पाठ होतं; दुसरं त्यालाही नव्हतं. दुकानदारांचा फुलाफुलांचा शर्ट घालून, गिटार पोटाशी धरून त्याने तेच एक सुरू केलं. स्क्रीनवर लाल बदामांचा पूर आला.

टिंग!

"गेला!" संस्थापक जागच्या जागी उडाला. "पहिला शर्ट गेला!"

मेव्हणा लॅपटॉपवर वाकला आणि कुजबुजला, "भावोजी, शर्ट नाही. पडदा."

"कसला पडदा?"

"मागच्या खिडकीचा. आईने शिवून दिलेला."

"अरे, आपल्याला फक्त शर्ट विकायचा होता!"

"दिसेल ते विकलं गेलं पाहिजे, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"ते भाषणात!"

टिंग! टिंग!

"टेबललॅम्प. आणि भिंतीवरचं घड्याळ."

"कोण घेतंय हे?"

"ग्राहकाचं नाव गुप्त ठेवायचं. तेही तुम्हीच म्हणाला होतात."

"बंद कर! आत्ताच्या आत्ता बंद कर!"

मेव्हण्याने बोट उचललं. तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला, "वा! काय खप आहे हो! आमच्याकडे सेलमध्येसुद्धा एवढी घंटी वाजत नाही."

संस्थापकाने मेव्हण्याचं बोट हवेतच पकडलं. "राहू दे."

मग वाळवी लागल्यासारखं घर संपू लागलं. आरसा गेला, पुस्तकांचं कपाट गेलं, कुंड्या झाडांसकट गेल्या. प्रत्येक टिंगला दुकानदारांच्या चेहऱ्यावर हसू फुले आणि संस्थापक खोलीत उरलेल्या वस्तू मोजे.

"आता काय?"

"सोफा."

"त्यावर ते बसलेत!"

"त्यांना वगळून गेलाय."

टिंग!

"गिटार," मेव्हणा म्हणाला, आणि गाणं एकदम थांबलं.

"कुणाची गिटार?" गायकाने विचारलं.

"तुम्ही गात राहा!" संस्थापक घाम पुसत म्हणाला. "संध्याकाळपर्यंत ताबा तुमचाच आहे!"

इतक्यात आतून बायको हातात फोन घेऊन आली. "आई रडतेय," म्हणाली, आणि तिने फोनचा आवाज मोठा केला.

"पोरी, घाबरू नकोस!" सासूबाई हुंदके देत होत्या. "धाकट्याने माझ्या फोनात ते ॲप घालून दिलंय. उघडून बघते तर माझ्या हातचा पडदा विक्रीला! जावयांवर ही वेळ आली आणि मला कळवलंसुद्धा नाहीत? पण मी काही परक्याच्या हाती जाऊ दिलं नाही हो! दिव्यापासून सोफ्यापर्यंत सगळं सोडवलं. त्या दाढीवाल्या बिचाऱ्याची गिटारसुद्धा! त्याचा शर्ट तेवढा नाही घेतला. म्हटलं, उघडा कुठे जाईल तो!"

दुकानदार सोफ्यावरून उठले.

"म्हणजे सगळं मिळून गिऱ्हाईक एवढंच?"

"सध्या एवढंच," संस्थापक म्हणाला. "पण निष्ठावान आहे."

"आणि ते हजारो चाहते?"

"त्यांनी बदाम पाठवले," मेव्हण्याने सांगितलं.

दुकानदारांनी गायकाच्या अंगावरचा शर्ट उतरवून मागितला, नीट घडी घातली, पिशवीत टाकला आणि कराराचे कागद न उघडताच ते निघाले. गायक बनियनवर राहिला.

"आई, अगं सगळा गोंधळ झालाय," बायको फोनमध्ये म्हणाली. "ती खरेदी आपण रद्द करून टाकू."

"मुळीच नाही!" सासूबाईंचं रडणं खटकन थांबलं. "तिथं ठेवलं तर हे उद्या पुन्हा विकतील! माझ्याकडेच राहू दे."

सोमवारी सकाळी संस्थापक विमा कंपनीत हजर झाला. सोफा दुपारी गेला.