सहा आकड्यांचं कुलूप

भवानी पेठेतलं टॉवेल-चादरींचं दुकान उघडलं की प्रभुलिंगअप्पा खुर्चीत ताठ बसत आणि पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या लेकीला, काव्याला, फोन लावत. दुकानाची वेबसाइट तिनेच बनवलेली. ती उघडायला सहा आकडी कोड लागे आणि तो येई काव्याच्या मोबाइलवर. "सुरक्षेचा नियम आहे अप्पा, रोज मला विचारायचं," असं तिने बजावलं होतं. अप्पांच्या घराण्यात कामाशिवाय फोन करणं म्हणजे निव्वळ चैन. त्यामुळे आकडे लिहून घ्यायचे आणि "बरं, ठेव" म्हणायचं. अर्ध्या मिनिटाचं हे बोलणं, पण त्यावर अप्पांचा अख्खा दिवस निघे. रविवारी दुकान बंद, म्हणून रविवार त्यांना खायला उठे.

आज मात्र काव्या फोन उचलेना. चारदा लावून झाला. तिकडे हैदराबादच्या एका हॉटेलची ऑर्डर येऊन पडलेली. शेवटी वैतागून अप्पांनी सहा शून्यं ठोकली आणि साइट उघडली की हो!

"अगं ए, कुलूप फुटलं! चोर शिरला आत!"

आतून बायको, ईरम्मा, धावत आली. अप्पांनी आधी कॉम्प्युटरची वायर उपटली, मग शटर अर्धं ओढलं. ईरम्माने खबरदारी म्हणून कपाटातल्या चादरी मोजून घेतल्या. त्या पुऱ्या भरल्या तरी अप्पांचा जीव थाऱ्यावर येईना. मग शेजारच्या बोळातल्या संगमेशला बोलावणं गेलं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. त्याने वायर जोडली आणि एकामागून एक मनाचे आकडे टाकून पाहिले. साइट प्रत्येक वेळी उघडली.

"काका, चोरबीर कोण न्हाय. हितं कुटलाबी आकडा चालतोय. असलं अडाणी काम केलंय कुणी?"

"आमच्या काव्यानं," अप्पा दुखावून म्हणाले. "तिकडं मोठमोठ्या कंपन्यांच्या साइटी तपासती ती. कुलूप कुटं कच्चं हाय, ते हुडकायचीच नोकरी हाय तिची!"

"मग रोज कोड कसला सांगायची?"

"सहा आकडी. एकदाबी चुकली न्हाय."

"चुकंल कशी? मनानंच सांगत असणार."

ईरम्मा हातातली चादर घडी करत म्हणाली, "तुमचीच लेक ती. कामाशिवाय बापाशी बोलंल कशी?"

तीन वर्षं अप्पांना वाटत होतं, झुरतोय तो आपण एकटेच. तिकडे पोरगीही सकाळी फोनची वाट बघत आकडे जुळवत बसत होती.

"पाच मिनिटांत पक्कं करतो," संगमेश म्हणाला. "असली साइट बघून हॉटेलवाले पळून जातील. आता कोड थेट तुमच्याच मोबाइलवर येईल."

"माझा मोबाइल बिघडलाय," अप्पा घाईघाईने म्हणाले.

तेवढ्यात तो त्यांच्या हातातच वाजला.

"अप्पा, मीटिंगमध्ये अडकले होते ओ. कोड पाहिजे होता ना?"

अप्पांनी उघड्या साइटकडे पाठ फिरवली.

"व्हय की. कवाचा खोळंबलोय," ते म्हणाले. "सांग. लई सावकाश सांग."