रंभाजी लिफ्टवाले गड पायी चढले त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि ज्या कोणा अनामिकाने जगातील पहिली पायरी घडविली त्याच्या हातांस नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, एका राज्यात जे वर्तले ते लहानथोरांनी सावकाश ऐकावे. राज्य म्हणजे बावीस मजल्यांचा काचेचा गड. तळी देवडी, मध्ये दफ्तरे, आणि बाविसावे मजली श्रीमंतांची सदर. गडास एक उभी पालखी होती. तीस भोई नव्हते. लोखंडी दोर तीस वर ओढी आणि खाली सोडी, आणि रयत तीस लिफ्ट म्हणे. त्या लिफ्टीवर रंभाजी शेलार अठ्ठावीस वर्षे चाकरीस होते. स्टुलावर बसावे, कळ दाबावी आणि मजला येताच ललकारी द्यावी, "पाचवा! टपाल खातं! आधी उतरणारे, मग चढणारे!" ऐसा त्यांचा शिरस्ता. बारावा सुटून तेरावा येईतो लिफ्ट नेहमी क्षणभर अधिक घेई, तेव्हा रंभाजी म्हणत, "म्हातारी झाली, इथं जरा दम खाते," आणि आतली मंडळी हसत.

मग चैत्रमासी नवी लिफ्ट आली. ती आपणच बोले आणि आपणच दार उघडी. मग मनुष्यबळ खात्याचे कारभारी निमकर यांनी रंभाजींस पाचारण केले आणि शाल, श्रीफळ व चाकरी संपल्याचा कागद हाती दिला. म्हणाले, "काका, आता आराम करा." रंभाजी म्हणाले, "आरामच केला की साहेब अठ्ठावीस वर्षं. बसूनच होतो." तेव्हा त्यांची दृष्टी भिंतीवरील फर्मानावर गेली. कार्तिक शुद्ध पंचमीस गडाचा वाढदिवस, ते दिवशी जिना चढण्याची शर्यत. आजीमाजी सर्व सेवकांस मुभा, जो बारा मिनिटांत बाविसावा मजला गाठील त्यास प्रशस्तिपत्र. रंभाजी म्हणाले, "माझं नाव लिहा." निमकर हसले आणि म्हणाले, "काका, या जिन्याची एक तरी पायरी कधी चढलात का?" आणि सारे दफ्तर हसले. तो शब्द रंभाजींस जिव्हारी लागला, कारण तो खरा होता. लाखो माणसे त्यांनी वर नेली, परंतु त्यांचे पाय कधी वर गेले नव्हते. मग त्यांनी मनाशी निश्चय केला की या गडावर आपले नावे शेवटचा आवाज त्या हसण्याचा राहू देणे नाही. बारा मिनिटांत पायी वर जावे आणि मगच घरी बसावे.

घरी अनसाबाईंस वर्तमान कळताच त्या म्हणाल्या, "अहो, कोपऱ्यावरून दूध आणताना दोनदा टेकता तुम्ही! तिथं काय उडून जाणार?" आणि ऐसे बोलून दुसरे दिवशी पहाटे त्याच आधी उठल्या, आणि स्वारीस पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर घेऊन गेल्या. मोजणी कशी केली ती नीट समजून घ्यावी. देवडीसमोरचा जिना रंभाजी स्टुलावरून रोज पाहत, सबब पहिल्या मजल्यास बावीस पायऱ्या हे त्यांस पाठ होते. बावीस मजले गुणिले बावीस पायऱ्या, म्हणजे चारशे चौऱ्याऐंशी. टेकडीस पायऱ्या चव्वेचाळीस, म्हणोन ती अकरा वेळा चढावी, की गड सर. एक खेप होताच अनसाबाई वाटीत दोन चिंचोके टाकीत. पहिले दिवशी सहा चिंचोके पडले आणि रंभाजी बसले. ज्येष्ठात दहा पडले, भाद्रपदात सोळा, आणि आश्विनात बाविसावा पडला. मग रंभाजींनी आपल्या बळाचे बरोबर बावीस वाटे केले, मजल्यास एक, आणि शेवटला वाटा सर्वांत मोठा राखला.

पंचमी उजाडली. ऐंशी गडी जिन्याच्या तोंडाशी जमले, अनसाबाई वर सदरेत जाऊन बसल्या, आणि शिट्टी वाजली. तो काय नवल! रंभाजी सवयीने दारापाशी बाजूस उभे राहिले आणि म्हणाले, "या, या, सावकाश. आत सरका." बाकी सारे गडी आत गेले, मग रंभाजींस भान आले की आपणही चढणारेच, आणि अर्धे मिनिट तेथेच गेले. मग मात्र एका लयीत चढले, आणि प्रत्येक मजल्यास ललकारी दिली, आणि दम खात उभी पोरेसोरे मागे पडत गेली. "अकरावा! बारावा! तेरावा!" म्हणोन मान वर केली, तो भिंतीवर आकडाच नाही. कुलूपबंद लोखंडी दार, आणि आत यंत्रांची घरघर. रंभाजींस वाटले, आपले डोके फिरले, बळ सरले. तरी आणिक बावीस पायऱ्या चढले, आणि तेथे तेराचा आकडा दिसला. मग उमगले की मध्ये एक मजला असा आहे की जेथे लिफ्टीस दारच नाही. म्हातारी दम खात नव्हती, एक मजला अधिक चढत होती, आणि आपण अठ्ठावीस वर्षे तीस नावे ठेवली!

पुढे एकविसावे मजली पोहोचले आणि बाविसावा वाटा तेथेच सरला. घड्याळ अकरा मिनिटे वीस सेकंद दाखवीत होते, पाय खांबासारखे जड झाले, आणि एक जिना उरला, ज्याची तजवीज कोणी केली नव्हती. हात गुडघ्यांवर गेले, कंबर वाकली. इतक्यात वरून कठड्यावर ओणवून अनसाबाईंची हाक आली, "अहो, बसायचं नाही हं! स्टूल नाही इथं!" रंभाजींस हसू फुटले, आणि त्या हशातच पहिली पायरी चढले, मग दुसरी, मग मोजणेच सोडले, आणि बारा मिनिटांस सहा सेकंद कमी असता सदरेच्या उंबऱ्यात पाऊल पडले. एकच गजर जाहला. अनसाबाईंनी पदराने त्यांचा घाम पुसला आणि एवढेच म्हणाल्या, "उशीर केलात."

निमकर स्वये लेखणी घेऊन उठले आणि प्रशस्तिपत्रावर लिहिते झाले, बावीस मजले. रंभाजी म्हणाले, "साहेब, तेवीस लिहा." निमकर म्हणाले, "काका, गडाच्या कागदावर बावीसच आहेत." रंभाजी म्हणाले, "कागद लिफ्टनं वर आला असेल. मी पायांनी आलोय." मग यंत्रांची दुरुस्ती करणारे इसाक मिस्त्री मागून म्हणाले, "खरं बोलतोय तो. बारा-तेराच्या मधे यंत्रांचा मजला आहे. मी रोज तिथंच डबा खातो, कुणी विचारलं नाही." तेव्हा निमकरांनी मान लवविली, बावीस खोडले, तेवीस लिहिले, आणि मग बाकीच्या गड्यांची पत्रे मागवून तीही एकेक करून दुरुस्त केली, आणि ते होईतो रंभाजी सदरेत ताठ उभे राहिले.

येणेप्रमाणे चाकरीवरून दूर केलेल्या माणसाने त्या राज्यास त्याची खरी उंची सांगितली. हकीकत जैसी घडली तैसी लिहिली. वाचणारांचे पाय बळकट असोत.