बोधनकर काका आणि चालू पंखा

फोटो काढणारा कुणीही माणूस 'हलू नका' म्हणतो. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले बोधनकर काका 'हला' म्हणतात. आमच्याकडच्या सत्यनारायणाला त्यांनी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचं ठरवलं, तेव्हा आम्ही पोटं आत ओढून शहाण्यासारखे रांगेत उभे होतो. काका कॅमेऱ्यामागून ओरडले, "काय थांबायलात पुतळ्यावानी? हला नं जरा!" मग सासूबाईंनी हातातलं प्रसादाचं ताट हलवलं, ह्यांनी मान हलवली आणि गुरुजींनी गडबडून घंटाच वाजवायला घेतली. विद्यानगरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये त्या फोटोवर अजून हसणं होतं.

काकांची सगळी नोकरी सरकारी खात्यात नकाशे काढण्यात गेली. रेघ केसभर सरकली तरी कागद फाडून नव्यानं सुरुवात करणारा माणूस. सत्तरी ओलांडल्यावर एक दिवस दारात येऊन म्हणाले, "वैशाली, चल, कोठीच्या बाजारात जाऊ. कॅमेरा घ्यायचाय, मोठा, डीएसएलआर." मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मला जगातली सगळी यंत्रं कळतात असा त्यांचा समज. दुकानदारानं आपुलकीनं सल्ला दिला, "चच्चा, आटो पे रक्खो, सब अपने आप होता." काका म्हणाले, "सब अपने आप होता तो फिर मैं कायकू हूँ?" आणि कॅमेऱ्यावरची चकती त्यांनी 'एम'वर, म्हणजे सगळं आपल्या हातानं ठरवायचं तिथं फिरवली. ती आजतागायत हललेली नाही.

मग सुरू झालं पंख्याचं प्रकरण. काका कुणाकडेही गेले की आधी पंखा पाचवर करायला लावायचे. डिसेंबरात आम्ही शाली पांघरून बसलेलो आणि हे जमिनीवर उताणे पडून छताचा नेम धरतायत.

"काका, पंखा बंद करते, मग काढा की निवांत," मी म्हटलं.

"नक्को! बंद पंखा कुणीही काढतं. मला चालू पंखा थांबवायचाय."

पहिल्या महिन्यात पंख्याच्या जागी नुसती तबकडी यायची. मग त्यांना शटरचा वेग सापडला. सेकंदाचा हजारावा भाग! ते इतक्या आनंदात आले की दार वाजवायचंही भान राहिलं नाही. "बघ, थांबला पंखा!" मी बघितलं. कॅमेऱ्याचा पडदा काळाकुट्ट.

"काका, ह्यात पंखा कुठाय?"

"अंधारात हाय. पण थांबलेला हाय."

उजेड कमी पडतो म्हणून त्यांनी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवली, तर पंखा दिसला, पण त्यावर मूठभर रवा सांडल्यासारखे ठिपके. काका खचले नाहीत. वहीत सगळं टिपून ठेवत राहिले. दिलसुखनगरच्या डोसेवाल्यानं तव्यावर पाणी शिंपडायचं आणि यांनी थेंब हवेत पकडायचा, या नादात त्यांना चार डोसे खावे लागले. नामपल्लीच्या प्रदर्शनात आकाशपाळण्याखाली दोन तास उभे राहून मान धरली. मी वैतागून म्हटलं, "काका, एखादी शांत उभी असलेली वस्तू काढा ना. चारमिनार काढा."

"चारमिनार चारशे वर्षं थांबलेलाच हाय. त्याला माझी काय गरज?"

मला वाटलं, म्हातारपणीचा छंद, चालू द्या. खरं कारण मला गच्चीत कळलं, तेही मी फार छळलं म्हणून. शैलाकाकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, तीन वर्षांपासून कंपवात आहे. हात थरथरतात, हनुवटीही. पुतणीच्या लग्नात मोबाईलवर फोटो काढले, तर सगळे स्पष्ट आले आणि काकूंच्या जागी नुसता पुसट फराटा. तेव्हापासून कुणी मोबाईल वर केला की काकू चहाचं निमित्त करून आत जातात. तीन वर्षांत त्यांचा एकही फोटो नाही.

काका गच्चीतल्या पाण्याच्या टाकीकडे बघत बोलत होते. "लोक म्हणतात, काकू, हलू नका. तिला म्हणतात! तिनं काय करावं? थांबायचं काम तिचं नाही, थांबवायचं कॅमेऱ्याचं हाय."

मला माझ्या सगळ्या थट्टेची लाज वाटली.

हजाराव्या भागाला भरपूर ऊन लागतं, म्हणून उन्हाळ्याची वाट बघितली गेली. मार्चात काकू गच्चीत सांडगे घालत होत्या. काकांनी कॅमेरा उचलला, तशा त्या उठल्याच. "अहो, मला नको. उगाच घाण येतो फोटो."

"शैला, तू सांडगे घाल. माझ्याकडे बघू पण नको. घाण आला तर कॅमेरा विकून टाकतो."

काकू उभ्याच राहिल्या. गच्चीचं दार दोन पावलांवर होतं. शेवटी त्या पुटपुटल्या, "एवढा हौसेनं घेतलेला, विकता कशाला," आणि पुन्हा बसल्या. काकांनी चारदा बटण दाबलं. मग चष्मा कपाळावर ढकलून पडद्यावर बघत राहिले आणि कॅमेरा काकूंपुढे धरला.

फोटोत पाच बोटं, पाचही वेगळी. बांगड्या मोजून घ्याव्यात अशा. बोटांतून सुटलेला सांडगा कापडाच्या वीतभर वर. काकूंनी तो हात खूप वेळ बघितला. त्यांचा खरा हात मांडीवर थरथरतच होता.

"माझाच आहे हो," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळानं, "द्या इकडं. आता मी काढते तुमचा."

कॅमेरा जड. मी आधार द्यायला पुढे झाले, तर काकांनी डोळ्यांनीच मला दटावलं. पट्टा काकूंच्या गळ्यात अडकवून ते टाकीपाशी जाऊन ताठ उभे राहिले. कॅमेरा वर-खाली, डावी-उजवीकडे डोलत होता. काका मात्र हूं की चूं न करता उभे. खटकन आवाज आला.

त्या फोटोत काकांचा एक कान आणि अर्धा चष्मा आहे. बाकी सगळी पाण्याची टाकी. काकांनी तो हातभर मोठा करून, चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावलाय. नव्यानं आलेला पाहुणा गोंधळून विचारतो, हा कुणी काढला हो? काका ऐटीत काकूंकडे बघतात.

आणि काकू पदर सावरून म्हणतात, "मी."